जागे आहात ना, ड्रायव्हरसाहेब?

मित्रांनो, संगणकावर आगगाडी चालवायचे खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. काहींनी तर चालवूनही पाहिले असतील. त्यांना नुसतं ‘खेळ’ म्हणणं म्हणजे थोडा अन्यायच. या प्रकाराला म्हणतात सिम्युलेटर. म्हणजे हुबेहूब इंजिनासारखं इंजिन, तेच खटके, तेच दिवे, तोच मार्ग. फक्त रूळ पडद्यावर आणि तुम्ही खुर्चीत! आपल्या रेल्वेतसुद्धा लोको पायलटना प्रशिक्षण केंद्रात अशा सिम्युलेटरवर बसवून शिकवतात. जर्मनीत ‘झुसी’ नावाचा एक सिम्युलेटर आहे. दिसायला साधासुधा, पण नियमांना एकदम कडक. ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ हा दुसरा. त्याची चित्रं झकास आणि त्यातही जर्मनीचे बरेच मार्ग आहेत.

आता गंमत ऐका. भारतीय किंवा अमेरिकन गाडी चालवून हात बसलेला एखादा मुलगा मोठ्या ऐटीत जर्मन गाडी निवडतो. गाडी सुरू करतो. वेग वाढतो. खिडकीबाहेर हिरवीगार शेतं. वा! आणि अर्ध्या मिनिटात समोर एक दिवा लागतो. तो काय आहे हे कळायच्या आत भोंगा वाजतो, आणि भोंगा कसला म्हणेपर्यंत खाडकन ब्रेक! गाडी रुळावर उभी. सोलापूरचा असेल तर म्हणेल, “काय बे हे! बिघडली की गाडी!”

गाडी बिघडलेली नसते. उलट ती अगदी ठणठणीत असते. तिने फक्त एक प्रश्न विचारला होता, “जागे आहात ना?” आणि उत्तर आलं नाही, म्हणून ती थांबली.

या यंत्रणेचं नाव ‘सिफा’. जर्मन माणूस ‘झीफा’ असा उच्चार करील. इंजिनात ड्रायव्हरच्या पायाशी एक पावडी असते. ती दाबून ठेवायची. पण नुसती दाबून ठेवली की झालं, असं नाही बरं का! दर तीस सेकंदांच्या आत एकदा पाय क्षणभर उचलायचा आणि पुन्हा दाबायचा. का? तर पाय दाबलेला असतानाही माणसाला झोप लागू शकते. चक्कर येऊन तो पुढे कोसळला, तर पाय तसाच दाबलेला राहील. कुणा हुशार माणसाने पावडीवर जेवणाची पिशवी ठेवून दिली तर? म्हणून दाबणं पुरेसं नाही, सोडणंही हवं. तीस सेकंदांत पाय उचलला नाही की दिवा लागतो. पुढच्या अडीच सेकंदांत भोंगा. आणखी अडीच सेकंदांत ब्रेक. संगणकावर पावडी नसते, तिच्याऐवजी कीबोर्डवरची एक कळ दाबायची असते, एवढाच फरक.

सोलापूरच्या मुलांना हे समजायला फार लांब जायला नको. आपल्याकडे घरोघरी नाही तरी गल्लोगल्ली माग होते आणि आजही चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग खडखडत असतात. धोटा इकडून तिकडे पळताना आडवा धागा तुटला, तर काय होतं? माग आपोआप थांबतो. एक छोटासा काटा प्रत्येक फेरीला धागा आहे की नाही हे चाचपून बघत असतो. धागा लागला तर माग चालू, नाही लागला तर बंद. म्हणजे थांबायला कुणी हुकूम द्यावा लागत नाही, चालत राहायलाच पुरावा लागतो. सिफाचं अगदी हेच. ‘ड्रायव्हर झोपलाय’ असं तिला कुणी कळवत नाही. ‘ड्रायव्हर जागा आहे’ हा पुरावा थांबला की ती गाडी थांबवते. हा विचार नीट डोक्यात ठेवा, पुढे तीन-चार वेळा येणार आहे.

आपल्या गाड्यांत असं काही नाही का? आहे ना! मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला वेगाची मूठ हाताने दाबून धरावी लागते. हात सुटला की ब्रेक. लांब पल्ल्याच्या अनेक इंजिनांतही एक पहारेकरी यंत्र असतं. सुमारे एक मिनिटभर चालकाने वेग बदलला नाही, ब्रेकला हात लावला नाही, भोंगा वाजवला नाही, तर ते आधी दिव्याने आणि मग आवाजाने विचारतं. तरी उत्तर नाही आलं तर ब्रेक. शिवाय आपल्याकडे लोको पायलटच्या शेजारी सहायक लोको पायलट असतो. सिग्नल दिसला की दोघंही तो मोठ्याने उच्चारतात. एक म्हणतो, दुसरा तेच पुन्हा म्हणतो. जर्मनीत बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच. “सिग्नल काय दिसतोय रे?” असं विचारायला शेजारी कुणी नाही. तिथे दुसऱ्या माणसाचं काम यंत्राकडे आलं आहे.

झोपेचं झालं. पण माणूस टक्क जागा असूनही चुकतो, त्याचं काय? सिग्नल बघतो आणि विसरतो. लाल दिवा आपल्यासाठी नाही, शेजारच्या रुळासाठी आहे असं त्याला वाटतं. इथे येते दुसरी यंत्रणा. तिचं जुनं नाव ‘इंडुझी’, आताचं ‘पी.झेड.बी.’ १९३० नंतरच्या दशकात ती जर्मन रेल्वेवर आली आणि सुधारत सुधारत आजही चालू आहे.

त्याआधी सिग्नलची थोडी ओळख हवी, नाहीतर फजिती ठरलेली. आपल्याकडे गाडी डावीकडच्या रुळाने जाते, जर्मनीत उजवीकडच्या. तिथे सिग्नलही साधारणपणे उजव्या हाताला शोधायचा. आणि सगळ्यांत मोठी फसवणूक ही : आपल्याकडे दोन पिवळे दिवे दिसले तर अर्थ असा, की पुढे बहुधा एक पिवळा आहे, जरा सावध राहा. जर्मनीच्या जुन्या पद्धतीच्या पूर्वसूचनेच्या सिग्नलवर तिरके दोन पिवळे दिसले, तर अर्थ आहे : पुढचा सिग्नल लाल आहे, थांबायच्या तयारीला लागा! दिवे तेच, अर्थ वेगळा. मराठीतला ‘शिक्षा’ आणि हिंदीतला ‘शिक्षा’ हे शब्द आठवा म्हणजे झालं.

पूर्वसूचनेचा सिग्नल आणि मुख्य सिग्नल यांत मोठ्या मार्गांवर साधारण एक किलोमीटर अंतर असतं. एवढं कशाला? कारण आगगाडी म्हणजे सायकल नव्हे. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. लोखंडी चाक, लोखंडी रूळ. घट्ट पकड नाही. लाल दिवा डोळ्यांना दिसल्यावर ब्रेक दाबला, तर तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आता चुंबकांकडे येऊ. जर्मन रुळांच्या उजव्या बाजूला सिग्नलपाशी एक पेटी बसवलेली दिसते. तिला चुंबक म्हणतात. इंजिनाच्या खालीही तसंच एक चुंबक असतं. इंजिनातलं चुंबक सतत तीन ‘सूर’ गुणगुणत असतं : सेकंदाला ५०० कंपनं, १००० कंपनं आणि २००० कंपनं. म्हणजेच हर्ट्झ. रुळाजवळचं प्रत्येक चुंबक यांपैकी फक्त एका सुराला जुळवलेलं असतं. इंजिन त्याच्यावरून गेलं, की ते आपल्या सुराची थोडी शक्ती ओढून घेतं. इंजिनात त्या सुराचा प्रवाह एकदम कमी होतो आणि यंत्राला कळतं, की आत्ता आपण १००० च्या चुंबकावरून गेलो.

सतार वाजवणारं कुणी तुमच्या घरी असेल तर हे पटकन कळेल. मिरजेच्या सतारी प्रसिद्ध आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सतारीत वरच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कुणी छेडत नाही. पण वर त्यांचा सूर लागला, की त्या आपोआप झणझणतात. दुसरा सूर लागला तर गप्प. सूर जुळला की शक्ती इकडून तिकडे जाते, याला अनुनाद म्हणतात.

सतार नसेल तर हा प्रयोग करा. दोन खुर्च्यांच्या पाठींना एक दोरा आडवा, जरासा सैल बांधा. त्या दोऱ्याला तीन बोल्ट दोऱ्यांनीच टांगा. दोघांचे दोरे अगदी सारख्या लांबीचे, समजा वीतभर. तिसऱ्याचा त्याच्या निम्मा. आता सारख्या जोडीतला एक बोल्ट हलवून सोडा. थोड्या वेळाने त्याचा जोडीदार आपोआप झोके घ्यायला लागेल, आणि पहिला मंदावेल! आखूड दोऱ्याचा बोल्ट मात्र जेमतेम थरथरेल. इंजिनाचं चुंबक आणि रुळाचं चुंबक यांच्यात हाच खेळ चालतो. (बोल्ट बाबांना विचारून घ्यावेत. स्कूटरचे काढू नयेत.)

आणि एक मोठी हुशारीची गोष्ट. रुळाजवळच्या त्या चुंबकाला वीज लागत नाही. सिग्नल हिरवा असेल तेव्हा एका तारेने त्याचं वेटोळं जोडून टाकतात, म्हणजे ते मुकं होतं. सिग्नल लाल किंवा पिवळा असेल तर तार सुटलेली आणि चुंबक जागं. समजा उंदराने तार कुरतडली, तर? चुंबक जागंच राहील आणि गाडी विनाकारण अडेल. उशीर होईल, ड्रायव्हर चिडेल, प्रवासी कुरकुरतील, पण टक्कर होणार नाही. आठवला ना माग? धागा तुटला की थांबा. गाडीच्या ब्रेकचंही तसंच आहे. सगळ्या डब्यांतून जाणाऱ्या नळीत हवा दाबून भरलेली असते. डबा सुटला, नळी फाटली, की हवा निघून जाते आणि ब्रेक आपोआप लागतात.

चला, आता गाडी चालवू या. समजा आपण एक जलद प्रवासी गाडी घेतली आहे. जर्मन यंत्रणा गाड्यांचे ब्रेक किती दमदार आहेत ते बघून तीन वर्ग करते. आपला वर्ग सगळ्यांत वरचा, म्हणून पडद्यावर ‘८५’ असा निळा दिवा लागलेला आहे. मालगाडी असती तर ‘७०’ किंवा ‘५५’ चा दिवा असता.

समोर पिवळा सिग्नल. आपण त्याच्याजवळून, म्हणजेच १००० च्या चुंबकावरून जातो. आता चार सेकंदांच्या आत ‘वाखझाम’ नावाची कळ दाबायची. वाखझाम म्हणजे जागरूक. “हो, पिवळा बघितला!” असं आपण यंत्राला सांगतो. चार सेकंदांत नाही दाबली तर ब्रेक, आणि गाडी पार उभी राहीपर्यंत सुटका नाही.

साधी पहारेकरी यंत्रं इथेच थांबली असती. कळ दाबली, विषय संपला. पण ही यंत्रणा म्हणते, “बघितला म्हणता, मग वेग कमी करून दाखवा!” निळा दिवा लुकलुकायला लागतो. पिवळा ‘१०००’ चा दिवाही लागतो. आणि आतल्या आत एक घड्याळ चालू होतं. तेवीस सेकंदांत आपला वेग ताशी ८५ किलोमीटरच्या खाली यायलाच हवा. मधल्या ब्रेकच्या मालगाडीला एकोणतीस सेकंदांत ७० च्या खाली. सगळ्यांत मंद ब्रेकच्या गाडीला अडतीस सेकंदांत ५५ च्या खाली. जितकी जड गाडी तितका जास्त वेळ, पण तितकाच कमी वेग.

मुख्य सिग्नल लाल असेल तर त्याच्या साधारण अडीचशे मीटर आधी, ५०० चं चुंबक. इथे दाबायला कळ नाही. इथे आपला वेग ६५ च्या आत असायलाच हवा, आणि पुढच्या १५३ मीटरमध्ये तो ४५ च्या आत यायला हवा. आकडे कसे विचित्र आहेत बघा, १५३! कुणीतरी बसून काटेकोर हिशेब केलेला आहे, हे अशा आकड्यांवरून कळतं.

आणि अगदी लाल सिग्नलपाशी, २००० चं चुंबक. त्याच्यावरून गेलात की काही विचारणं नाही, सांगणं नाही. तत्काळ ब्रेक.

पहिल्यांदा हे सगळं डोक्यावरून जातं. दोन पानांचा तक्ता करा आणि पडद्याशेजारी चिकटवा. आठवड्याभरात बोटं आपोआप चालतात. सिम्युलेटरमध्ये या यंत्रणा बंद करायची सोयही असते. नवी मुलं ती हमखास वापरतात, कारण मग गाडी कुठेच अडत नाही. माझं मत विचाराल तर, यंत्रणा बंद करून जर्मन गाडी चालवणं म्हणजे जाळं काढून ठेवून बॅडमिंटन खेळण्यासारखं आहे. फूल इकडून तिकडे जातं खरं, पण मजा काय?

आता जरा गंभीर गोष्ट. आधी सांगितलेले ते आकडे कागदावर सहज आलेले नाहीत.

२ फेब्रुवारी १९९०. फ्रँकफुर्टजवळ रुसल्सहाइम नावाचं गाव. एक लोकल गाडी स्टेशनातून निघाली. पुढचा सिग्नल लाल होता. ड्रायव्हरने वेग वाढवत नेला. लाल सिग्नलपाशी २००० च्या चुंबकाने आपलं काम केलं, ब्रेक लागले. पण तोपर्यंत गाडीने एवढा वेग घेतला होता, की ती वेळेत थांबू शकली नाही. समोरून दुसरी गाडी आली. १७ माणसं मेली.

यंत्र होतं, चालू होतं, तरी अपघात झाला. का? कारण जुन्या पद्धतीत स्टेशनात थांबून पुन्हा निघालेल्या गाडीला वेगावर बंधन नव्हतं. मागच्या पिवळ्या सिग्नलची आठवण यंत्राने ठेवली नव्हती, आणि ड्रायव्हरनेही नाही. यानंतर जी सुधारलेली पद्धत आली, तिचं नाव पी.झेड.बी. ९०. त्यात नवा नियम असा : पिवळा बघून आल्यावर गाडी थांबली, किंवा पंधरा सेकंद अगदी गोगलगाईच्या वेगाने, म्हणजे दहाच्या खाली चालली, तर पुढे वेगाची मर्यादा ४५. आणि ५०० च्या चुंबकानंतर तसं झालं तर मर्यादा फक्त २५. पडद्यावर ‘७०’ आणि ‘८५’ हे दोन निळे दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागतात ना, तो हाच नियम. सिम्युलेटरवाली मुलं या दिव्यांवर फार वैतागतात. “स्टेशनातून निघालो, सिग्नल हिरवा आहे, तरी गाडीला पळू देत नाही!” त्या वैतागामागे रुसल्सहाइम आहे.

सिग्नल हिरवा झालेला दिसत असेल, तर या बंधनातून सुटायला ‘फ्राय’ नावाची कळ आहे. फ्राय म्हणजे मोकळं. मात्र ती १००० च्या चुंबकानंतर सातशे मीटर गेल्यावरच चालते, आणि ५०० च्या चुंबकाच्या पहाऱ्यात तर मुळीच चालत नाही. या कळेत एक मेख आहे. ती दाबायचा निर्णय माणसाचा. सुटका करून घेतली आणि पुढचा सिग्नल लालच निघाला तर? यंत्र लगेच ब्रेक लावतं. “मोकळा म्हणालात, मग हे काय?” असा त्याचा खडा सवाल.

तिसरी कळ ‘बेफेल’, म्हणजे हुकूम. कधी कधी सिग्नल बिघडतो आणि लालच राहतो. मग स्टेशनमास्तर किंवा तिकडचा वाहतूक नियंत्रक ड्रायव्हरला हुकूम देतो, की लाल ओलांडून या. तेव्हा ड्रायव्हर ही कळ दाबून धरतो आणि सावकाश, ४० च्या आत, त्या चुंबकावरून जातो. म्हणजे यंत्राला बाजूला सारायचा एक रीतसर दरवाजा ठेवलेला आहे. ठेवावाच लागतो, नाहीतर एका बिघडलेल्या दिव्यापायी सगळी रेल्वे अडकून बसेल.

पण दरवाजा आहे म्हटल्यावर तो चुकीच्या वेळी उघडण्याचा धोका आलाच. ९ फेब्रुवारी २०१६ ला जर्मनीत बाड आइब्लिंग इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. १२ माणसं मेली. त्या मार्गावर पी.झेड.बी. होती आणि नीट चालत होती. चूक नियंत्रकाची होती. त्याने लाल सिग्नल असताना पुढे जायची खास परवानगी चुकून दिली. न्यायालयात हेही समोर आलं, की ड्यूटीवर असताना तो मोबाइलवर एक खेळ खेळत होता. त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आणि जिथे यंत्रणाच नव्हती तिथलं उदाहरणही आहे. २९ जानेवारी २०११, होर्डोर्फ. मालगाडी लाल सिग्नल ओलांडून गेली, समोरून प्रवासी गाडी. १० मृत्यू. त्या मार्गावर तेव्हा पी.झेड.बी. बसवलेली नव्हती. नंतर नियम कडक झाले.

एवढं सगळं जर्मनीचं झालं, आता आपल्या घरचं. मुंबईच्या लोकल मार्गांवर रुळालगतच्या चुंबकांची, याच कुळातली एक इशारा यंत्रणा बसवली गेली. पिवळा सिग्नल ओलांडल्यावर मोटरमनने कळ दाबून पोच द्यायची, लाल ओलांडला तर ब्रेक. कोकण रेल्वेनेही टक्कर टाळणारं एक यंत्र तयार केलं. बी. राजाराम या अभियंत्यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे.

आणि सोलापूरकरांसाठी खास बातमी म्हणजे, ज्या भारतीय यंत्रणेचं नाव आज सगळीकडे ऐकू येतं, त्या ‘कवच’चं बालपण आपल्या शेजारीच गेलं आहे! सोलापुरातून हैदराबादकडे निघालं की दीडशे किलोमीटरच्या आसपास वाडी जंक्शन लागतं. तिथे आपला सोलापूर विभाग संपतो आणि दक्षिण मध्य रेल्वे सुरू होते. लिंगमपल्ली-विकाराबाद-वाडी आणि विकाराबाद-बिदर या अडीचशे किलोमीटरच्या मार्गावर कवचच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या प्रवासी गाड्यांवर ते तपासायला सुरुवात झाली. म्हणजे हैदराबादला जाताना तुम्ही खिडकीत बसून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात होतात, तो रूळ एका मोठ्या प्रयोगशाळेचा भाग होता.

कवचमध्ये सुराचे चुंबक नाहीत. दोन रुळांच्या मधे, स्लीपरवर छोट्या चपट्या पट्ट्या बसवलेल्या असतात. प्रत्येकीत आपला पत्ता लिहिलेला. इंजिन वरून जाताना तो पत्ता वाचतं आणि त्याला कळतं, की मी नेमका कुठे आहे. शिवाय स्टेशन आणि इंजिन रेडिओवरून सतत बोलत असतात. पुढे किती अंतरापर्यंत जायची परवानगी आहे, वेग किती असावा, हे लोको पायलटला समोरच्या पडद्यावरच दिसतं. दाट धुक्यात सिग्नल दिसला नाही तरी चालतं. फाटक जवळ आलं की भोंगाही आपोआप वाजतो. ४ मार्च २०२२ ला याची जाहीर चाचणी झाली. एका गाडीत स्वतः रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव बसले होते, समोरच्या इंजिनात रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष. कवचने मंत्र्यांची गाडी दुसऱ्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबवली. यंत्रावर विश्वास आहे हे सांगायची ही पद्धत मला फार आवडली!

जर्मनीतही चुंबकांच्या पुढची पायरी आहे. तिचं नाव एल.झेड.बी. रुळांच्या मधोमध एक केबल अंथरलेली, आणि गाडीशी तिचं सतत बोलणं चालू. १९६५ साली म्युनिकच्या प्रदर्शनाच्या वेळी म्युनिक ते ऑग्सबर्ग ताशी २०० किलोमीटरने गाड्या पळाल्या, त्या तिच्याच भरवशावर. जर्मनीत १६० च्या पुढे वेग घ्यायचा तर नुसती पी.झेड.बी. पुरत नाही, कारण एवढ्या वेगात बाहेरचा सिग्नल बघून वेळेत थांबणं कठीण. सिम्युलेटरमध्ये एल.झेड.बी. चालू झाली की काम एकदम सोपं वाटतं, पण ते आधी चुंबकांशी झुंजलेल्यालाच.

पालकांना दोन शब्द. हे सिम्युलेटर स्वस्त नसतात, आणि एकेक मार्ग वेगळा विकत घेता घेता खिसा रिकामा होतो. आधी एकच मार्ग घ्या. मुलगा किंवा मुलगी तोच मार्ग पन्नास वेळा चालवत असेल, तर कंटाळली नाहीये हे समजा. खरे ड्रायव्हरही ठरलेला मार्ग पाठ होईपर्यंत शिकतात. एका वेळी एक फेरी, स्टेशन ते स्टेशन, असा नेम ठेवला तर थांबायची वेळ आपोआप ठरते. “बस्स कर आता” म्हणून भांडायला नको, “शेवटचं स्टेशन आलं का?” एवढं विचारलं की पुरतं. आणि आजी शेजारी बसलेली असेल तर तिला सहायक लोको पायलट करा. सिग्नल दिसला की तिने म्हणायचं, “पिवळा रे बाळा,” आणि तुम्ही म्हणायचं, “पिवळा, आजी!” कळ दाबायला चार सेकंद आहेत, हे मात्र तिला आधी सांगून ठेवा.

संगणक नसेल त्यांच्यासाठी घरगुती सिफा. घड्याळ समोर ठेवा, एखादं गोष्टीचं पुस्तक वाचायला घ्या आणि वाचता वाचता दर तीस सेकंदांच्या आत टेबलावर एकदा टिचकी मारा. भाऊ किंवा बहीण घड्याळाकडे बघेल. टिचकी चुकली की तुमची गाडी थांबली. दहा मिनिटं टिकलात तर पत्राने कळवा. गोष्ट रंगात आली की काय होतं, तेही लिहा.

या वेळचं कोडं : एक गाडी ताशी १०८ किलोमीटर वेगाने चालली आहे. ड्रायव्हरने पाय पावडीवर ठेवला आणि त्याच क्षणी त्याला झोप लागली. सिफाचा दिवा, मग भोंगा, मग ब्रेक लागायला सुरुवात. तेवढ्यात गाडी किती मीटर गेली असेल? आणि दुसरा भाग, जरा विचार करायला लावणारा : सिफाची वेळ तीसऐवजी पाच सेकंद केली तर गाडी नक्कीच कमी अंतर जाईल, मग जर्मनांनी तसं का केलं नसेल? उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. आकडेमोडही लिहा, नुसतं उत्तर नको.